मनोऱ्याच्या जुन्या घड्याळाला मोटरने चावी: घड्याळाचं वाटोळं न करता जमेल का?

वाचनालयवाली (शनिवार, रात्री ९.१५)

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाला मनोरा आहे आणि मनोऱ्यात इंग्लंडहून आणलेलं, संस्थानच्या काळातलं घड्याळ. चार बाजूंना चार तबकड्या, वर एक घंटा, दर तासाला टोले. मी वाचनालयाची चिटणीस. पुस्तकांचं थोडंफार कळतं, घड्याळाचं शून्य. तेव्हा चुकीचे शब्द वापरले तर सांभाळून घ्या.

घड्याळाला दर शनिवारी चावी द्यावी लागते. ८४ पायऱ्या, त्यातल्या शेवटच्या २० लाकडी शिडीच्या. गेली ३३ वर्षं आमचे शिपाईमामा हे करताहेत. वेळेच्या बाजूला हँडलचे २८ फेरे, ते पाच-सात मिनिटांत होतं. टोल्यांच्या बाजूला मात्र दोनशेच्या वर फेरे. मामा आता ७१ वर्षांचे आहेत. गेल्या महिन्यात शिडीवरून पाय सटकला, कठड्याला धरलं म्हणून वाचले. नवा मुलगा ठेवला. दोन शनिवार आला, तिसऱ्या शनिवारी फोन बंद.

दोन जण येऊन बघून गेले. पहिला म्हणाला, हे लोखंड काढून टाका, प्रत्येक तबकडीमागे एकेक इलेक्ट्रॉनिक यंत्र बसवू, टोले स्पीकरवर वाजतील. दुसरा म्हणाला, घड्याळ तसंच ठेवू, दोर गुंडाळायच्या ड्रमला चेन लावून मोटर जोडू. त्यासाठी फ्रेमला चार भोकं पाडावी लागतील, बस. कमिटीला दुसरा पसंत आहे, कारण स्वस्त.

आणखी एक, कुणाला उपयोगाचं असेल तर. वेळेच्या बाजूला हँडल घालायच्या भोकावर लोखंडी झाकणी आहे. ती बाजूला करायला एक दांडी वर उचलावी लागते. का, ते मामांना माहीत नाही. ‘ती उचलल्याशिवाय चावी द्यायची नाही, अशी रीत आहे’ एवढंच ते सांगतात.

मोटर बसवावी का? भोकं पाडू द्यावीत का?

---

झटपटराव (शनिवार, रात्री ९.४०)

ताई, २०० रुपयांचं भिंतीवरचं क्वार्ट्झ घड्याळ तुमच्या मनोऱ्यापेक्षा बरोबर वेळ दाखवतं. पहिल्याचं ऐका. जीपीएसवर चालणारं यंत्र बसवा, आत कुणी बघत नाही, खालून काटे फिरले म्हणजे झालं. जुनं यंत्र काचेच्या पेटीत घालून खाली ठेवा, शाळेच्या सहली येतील.

---

टोलेजंग (रविवार, पहाटे ३.०५)

ताई, आधी एक सांगतो. दुसऱ्या माणसाला ॲडव्हान्स दिला नसेल तर देऊ नका. का ते सांगायला जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

मी मूळचा सांगलीकडचा, उभा जन्म टूलरूममध्ये गेला. आता मुलीकडे इंग्लंडात, डर्बीशायरमधल्या एका खेड्यात असतो. इथल्या चर्चच्या घड्याळाला चावी द्यायला चार म्हाताऱ्यांची पाळी होती, मी पाचवा झालो. मी देवाधर्माचा माणूस नाही, असं आधीच सांगून टाकलं. त्यावर उत्तर आलं, हँडल फिरवायला श्रद्धा लागत नाही, खांदा लागतो. पुढे दोघांचे खांदे गेले आणि आम्ही आपोआप चावी देणारं यंत्र बसवून घेतलं. त्यामुळे हा विषय मी हात काळे करून शिकलोय.

तुमच्या मजकुरातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे ती झाकणी. घड्याळ चालतं कशावर, तर वजन दोराला ओढतं, दोर ड्रमला फिरवतो, ड्रम मोठ्या चाकाला. चावी देताना आपण ड्रम उलटा फिरवतो, म्हणजे तेवढा वेळ चाकांवरचा ओढाच जातो. लंबक आपल्या झोक्यावर हलत राहतो, पण त्याला मागून ढकलणारं कुणी उरत नाही. म्हणून ती दांडी. तिला वजन असतं. ती उचलली की तिचा खटका चाकाच्या दातात बसतो आणि तुम्ही फेरे मारताय तोवर चाकाला पुढे रेटत राहतो. आणि माणूस विसरणार हे कारागिराला ठाऊक, म्हणून दांडी उचलल्याशिवाय हँडल आतच जाऊ नये अशी झाकणी ठेवली. मामांची ‘रीत’ म्हणजे शंभर टक्के इंजिनिअरिंग आहे, त्यांना माझा नमस्कार सांगा.

आता वेळेच्या बाजूच्या ड्रमला मोटर जोडली तर दांडी कोण उचलणार? मोटर फिरेल तेवढा वेळ घड्याळ बिनओढ्याचं. एका गावात (नाव नको) मी असलंच काम बघितलंय. रोज दुपारी मोटर चालायची आणि घड्याळ रोज थोडं मागे पडायचं. वर्षभर सगळे लंबकाला दोष देत बसले. मग एके दिवशी वजन वर पोचलं तरी मोटर बंद करणारा स्विच दबलाच नाही. कबुतराच्या घरट्यातली काडी अडकली होती. मोटरने वजन कप्पीपर्यंत ओढलं आणि तरी ओढतच राहिली. ओतीव लोखंडाची फ्रेम मोटरसाठी भोक पाडलेल्या जागीच तडकली. ओतीव लोखंड वाकत नाही, सरळ तडकतं, आणि त्याला वेल्डिंग धड बसत नाही. म्हणून भोकं नकोच.

मग बरोबर पद्धत कोणती? रहाटाची माळ डोळ्यापुढे आणा, दोन्ही टोकं जोडलेली. तशी एक चेन, वर दोन दातेरी चाकांवरून गेलेली. एक चाक घड्याळाच्या दांड्यावर, दुसरं मोटरच्या. दोन चाकांच्या मधे आणि बाहेर मिळून चेनचे दोन झोळ लोंबतात. एका झोळात कप्पीला लावलेलं मुख्य वजन, दुसऱ्यात चेन ताठ ठेवण्यापुरतं चिमुकलं वजन. घड्याळ चालतं तसं मोठं वजन हळूहळू खाली येतं. ठरलेल्या जागी आलं की स्विच दाबला जातो, मोटर आपल्या बाजूने चेन ओढून घेते आणि वजन वर जातं. गंमत अशी, की वजन खाली येत असो की वर जात असो, घड्याळाच्या चाकावरचा ओढा तेवढाच राहतो. दांडी नको, झाकणी नको. ही युक्ती ख्रिस्तियान हायगेन्सची, सतराव्या शतकातली. तेव्हा मोटरच्या जागी माणूस चेन ओढायचा, एवढाच फरक.

हे यंत्र स्वतःच्या स्टँडवर उभं राहतं किंवा फ्रेमला क्लॅम्पने धरतं. इथे चर्चच्या घड्याळाला हात लावायचा तर धर्मप्रांताची रीतसर परवानगी काढावी लागते. त्यांचा घड्याळ-सल्लागार येतो आणि त्याचा पहिला प्रश्न असतो, उद्या हे काढलं तर घड्याळ होतं तसं मिळेल का? आमच्याकडचे जुने दोर आणि वजनं अजून मनोऱ्याच्या तळाशी पडून आहेत. तुमचीही तशीच ठेवा. कमिटीत भंगाराचा भाव विचारणारा एखादा असतोच, त्याच्यावर लक्ष असू द्या.

मला एवढं मोजून सांगा: वजन किती, कप्पी आहे का, ड्रमचा व्यास, मोठ्या चाकाचे दात आणि ते ज्या छोट्या चाकाला फिरवतं त्याचे दात. लंबक सव्वादोन मीटरच्या आसपास असेल तर मिनिटाला ४० टिक पडतील, तेही मोजा.

झटपटराव, मनोऱ्याच्या घड्याळात बघण्यासारखं असतं ते आतच हो. काचेच्या पेटीतलं बंद घड्याळ म्हणजे पेंढा भरलेला वाघ.

---

झटपटराव (रविवार, सकाळी ८.२०)

पेंढा भरलेला वाघ बघायला तिकीट लागतं, काका. असो. पहाटे तीनला जागे काय करता?

---

टोलेजंग (रविवार, सकाळी १०.१०)

आमच्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहाच वाजले होते. घड्याळाच्या धाग्यावर हा प्रश्न यावा!

---

जुना_घड्याळजी (रविवार, दुपारी १.३०)

टोलेजंग यांनी चेनचं फार नेमकं सांगितलंय. माझं दुकान साध्या भिंतीवरच्या घड्याळांचं, पण दोन मनोरे सांभाळलेत. माझं मत थोडं वेगळं.

वेळेच्या बाजूला हातच लावू नका. २८ फेरे म्हणजे काही नाही, माझी नात मारेल. जीव काढतात ते टोले. दिवसाला १५६ टोले, एक ते बारा दोनदा मिळवून बघा. आठवड्यात १०९२. तेवढ्या वेळा तो हातोडा उचलायचा, म्हणून वजन जड आणि फेरे जास्त. मोटर फक्त तिकडे लावा. आणि टोल्यांच्या बाजूला तो दांडीचा प्रश्नच येत नाही, कारण दोन टोल्यांच्या मधे ती चाकं उभीच असतात. मधल्या वेळात चावी दिली तर कुणाचं काही बिघडत नाही. लंडनच्या बिग बेनला तरी काय आहे? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टोल्यांच्या बाजूला मोटर आली, वेळेची बाजू मात्र माणसं आठवड्यातून तीनदा हातानेच भरतात.

दुसरं, भारनियमन. वीज गेली तर चेनवालं यंत्र किती तास तग धरणार, हे आधी विचारा.

तिसरं, आग्यामोहोळ. मनोऱ्यावर पोळं असेल तर मोटरच्या आवाजाने बिथरतात का, ते आधी बघा. हसू नका. मी ४० पायऱ्या तीन उड्यांत उतरलोय.

---

वाचनालयवाली (मंगळवार, रात्री १०.०५)

काका, मोजलं! मामा, मी आणि ग्रंथपाल अशा तिघांनी रविवार त्यात घातला. साडीला ग्रीस लागलं ते लागलंच.

वेळेच्या बाजूचं वजन १८० किलो. ओतीव चकत्या आहेत, प्रत्येकीवर आकडा आहे, बेरीज केली. फिरती कप्पी आहे. ड्रम २० सेंटिमीटर. मोठ्या चाकाला १२० दात, समोरच्या छोट्याला १०. आणि मिनिटाला बरोब्बर ४० टिक, मी तीनदा मोजले. तुम्ही तिकडून कसं ओळखलंत?

टोल्यांचं वजन ३०० किलो आहे. ते ज्या पोकळीतून खाली येतं, तिच्या तळाशी काय असेल? आमचे बांधीव जुने मासिकांचे अंक. भिंतीपलीकडे वर्तमानपत्राचा कक्ष, जिथं सकाळी वीस-पंचवीस ज्येष्ठ नागरिक बसलेले असतात. हे आजवर कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. रविवारपासून मला झोप नाही.

---

टोलेजंग (बुधवार, पहाटे २.४०)

शाबास. लंबकाची लांबी आणि टिकचं गणित पक्कं असतं. एक मीटरला सहा मिलिमीटर कमी असेल तर सेकंदाला एक टिक, चार मीटरच्या जवळ गेला तर दोन सेकंदांना एक. तुमचा दीड सेकंदाचा. ओळखण्यात माझी हुशारी काही नाही.

आता तुमच्या आकड्यांवर हिशेब. आठवड्याला २८ फेरे म्हणजे ड्रम दिवसाला चार वेळा फिरतो. २० सेंटिमीटर व्यासाला एका फेऱ्यात ६३ सेंटिमीटर दोर सुटतो, दिवसाला अडीच मीटर. कप्पीमुळे वजन त्याच्या निम्मं उतरतं, सव्वा मीटर. आणि दोरावर ओढाही निम्मा, ९० किलोचा.

चेन मोठ्या चाकाऐवजी पुढच्या दांड्यावर लावली तर तो बारा पट वेगाने फिरतो, म्हणून ओढाही बारा पट कमी पुरतो. तिथे १० सेंटिमीटरचं दातेरी चाक बसवलं (ड्रमच्या निम्मं, म्हणून ओढा दुप्पट लागतो) तर चेनवर १५ किलोचा ओढा, म्हणजे कप्पीला ३० किलो. १८० च्या जागी ३०! पण फुकट काही मिळत नाही. १८० किलो दिवसाला सव्वा मीटर उतरायचं, हे ३० किलो साडेसात मीटर उतरेल. गुणाकार करून बघा, दोन्हीकडे २२५ च येतात.

आणि हे म्हणजे ताकद किती, तर वॉटच्या चाळिसाव्या हिश्श्याच्या आसपास. तुमच्या कक्षातला ९ वॉटचा एक एलईडी दिवा जेवढं खातो, त्यात असली साडेतीनशे घड्याळं चालतील. मोटरचं स्वतःचं नुकसान वेगळं, पण बिल वाढेल म्हणणाऱ्याला हा आकडा ऐकवा.

घड्याळजींच्या भारनियमनाचं उत्तरही यातच आहे. तासाला ३१ सेंटिमीटर. खाली दोन मीटर मोकळी जागा ठेवली तर वीज गेल्यावर सहा तास निघतील. तुमच्याकडे त्याहून जास्त वेळ जाते का, ते तुम्हीच सांगा. जास्त जात असेल तर बॅटरीवर चालणारी मोटर घ्या.

घड्याळजींचा पहिला मुद्दा, मोटर फक्त टोल्यांना, मला पटला, आणि मी स्वतः तो का मांडला नाही याचं वाईट वाटलं. टोल्यांच्या ड्रमला मोटर चालेल, फ्रेमला भोक न पाडता. हँडल जिथे बसतं त्याच चौकोनी टोकाला सुटं कपलिंग, आणि मधे घसरणारा क्लच, म्हणजे अडकलं तर मोटर नुसती घसरेल. थांबवणारे स्विच दोन, एक फसला तर दुसरा. टोले पडत असताना मोटर चालू होता कामा नये. आणि हँडल लावलेलं असताना तर मुळीच नाही, नाहीतर ते हँडल माणसाचा हात मोडेल. ही सोय कागदावर लिहून घ्या, तोंडी नको.

टोल्यांच्या बाजूला भिंगरीसारखा एक पंखा दिसेल. तो वारा घालायला नसतो, तो ब्रेक आहे. हवेला अडून टोल्यांचा वेग आवरतो. बिग बेनला ५ ऑगस्ट १९७६ च्या पहाटे पाव तासांच्या घंटांच्या बाजूचा असाच पंख्याचा दांडा धातूच्या थकव्याने तुटला. ब्रेक गेला आणि टनाहून जास्त वजन बेफाम खाली आलं. चाकांचे तुकडे खोलीभर उडाले. त्या घंटा सुमारे नऊ महिने गप्प होत्या. तुमच्या पंख्याचा दांडा एखाद्या जाणत्याकडून तपासून घ्या, तडा आहे का ते. दोरावर चिंधी धरून मामांना खालपासून वरपर्यंत फिरवायला सांगा, उघड्या हाताने नाही. चिंधी जिथे अडकेल तिथे दोरातली तार तुटलेली. आणि मासिकं उद्याच हलवा, तिथे वाळूने भरलेली मजबूत पेटी ठेवा.

आता मला जे खरं सांगायचंय ते. आमच्याकडे यंत्र बसलं तेव्हा आम्ही केक कापला, आणि नंतर तीन महिने कुणी वर गेलंच नाही. जायचं कशाला? एका रविवारी टोले बंद. वर जाऊन बघतो तर जॅकडॉ पक्ष्यांनी (आपल्या कावळ्यांचे चुलत भाऊ) काटक्यांचा ढीग रचलाय, पार माझ्या गुडघ्यापर्यंत, आणि हातोड्याची तार त्यात रुतलीय. दरवाज्याची जाळी फाटली होती. दर सोमवारी कुणीतरी हँडल फिरवायला जात होतं तेव्हा ही काटकी पहिल्याच आठवड्यात दिसली असती. चावी देणारा माणूस चावीच देत नव्हता. तो आवाज ऐकत होता, तेल बघत होता, कबुतरं हाकलत होता. त्याचं काम कुणी लिहून ठेवलं नव्हतं, म्हणून कोटेशनमध्येही आलं नाही.

आता आम्ही पंधरा दिवसांनी पाळी लावलीय. पायऱ्या ६१ च आहेत म्हणा.

---

झटपटराव (बुधवार, सकाळी ९.००)

एक शंका. मोटर बसवली की वेळ तरी बरोबर राहील ना?

---

जुना_घड्याळजी (बुधवार, सकाळी ११.१५)

नाही राव. मोटर फक्त पोट भरते, नाडी लंबकाचीच. लोखंडी दांड्याचा लंबक दहा अंश तापला तर दिवसाला पाचेक सेकंद मागे पडतो. मे महिन्यात लंबकाखालची नटबोल्टची चकती किंचित वर घ्यायची, थंडीत खाली. किंवा लंबकावर नाणं ठेवायचं. बिग बेनवर जुनी पेनी ठेवतात, एका पेनीने दिवसाला ०.४ सेकंद पुढे जातं.

---

वाचनालयवाली (रविवार, संध्याकाळी ७.३०)

कळवायला उशीर झाला, कमिटीची बैठक लांबली.

भोकंवाल्याला नको म्हणून कळवलं. मासिकं हलवली, वाळूची पेटी आली. दोरावर चिंधी फिरवली, टोल्यांच्या दोरात दोन जागी अडकली, तो बदलतोय. मोटर फक्त टोल्यांना, घड्याळजींच्या म्हणण्याप्रमाणे, पण टोलेजंग काकांनी लिहिलेल्या अटी कोटेशनला जोडून. वेळेची बाजू हातानेच. खजिनदार म्हणाले, पायऱ्या चढायच्याच आहेत तर २८ फेऱ्यांची मोटर कशाला? त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच पटण्यासारखं काही ऐकलं. शिडीच्या जागी कठडा असलेला लोखंडी जिना होईल. चार जणांची पाळी ठरलीय: ग्रंथपाल, बारावीतली दोन मुलं आणि मी. मामा खाली खुर्चीवर बसून टोले मोजणार, चुकला की फोन.

काल पहिली पाळी माझी होती. दांडी उचलली, झाकणी सरकली, हँडल घातलं. सतराव्या फेऱ्याला दम लागला म्हणून थांबले. टिक चालूच होती. दांडी इंच इंच खाली येत होती.

एक विचारायचं राहिलं. मामा सगळ्या चाकांना शिलाई मशीनचं तेल घालतात. चालतं ना?

---

जुना_घड्याळजी (रविवार, रात्री ८.१०)

दांड्यांची टोकं जिथे फिरतात त्या भोकांना थेंबभर, घड्याळाचंच तेल. चाकांच्या दातांना अजिबात नाही. तेलाला धूळ चिकटली की त्याचा पॉलिश पेपर होतो आणि दात झिजतात. आधी आहे ते सगळं पुसून काढा. मामांना मात्र हळू सांगा.